मेन्स शेडचे सभासदत्व घ्यावे का? मेलबर्नमधील एका सभासदाचे मत

मुलाकडे किंवा मुलीकडे ऑस्ट्रेलियात राहायला आलेले मराठी गृहस्थ भेटले की बोलता बोलता एक प्रश्न निघतोच: सकाळी घरातली मंडळी आपापल्या कामाला गेली की दिवसभर करायचे काय? नातवंडांना शाळेत सोडून, बागेला पाणी घालून आणि मोबाइलवर गावाकडच्या बातम्या वाचून जेमतेम साडेदहा वाजतात आणि पुढचा सगळा दिवस अंगावर येतो. अशांना मी जवळची मेन्स शेड शोधायला सांगतो. मेलबर्नच्या एका उपनगरातील अशा शेडचा मी सभासद आहे आणि तिथे काय मिळते, काय मिळत नाही, याचा पुरेसा अंदाज आता मला आला आहे. केवळ सुतारकाम शिकण्याच्या हेतूने जाणाऱ्याची तिथे बहुधा निराशा होते, हे मात्र आधीच सांगितलेले बरे.

मेन्स शेड ही पुरुषांसाठी चालवलेली सामाईक कार्यशाळा असते. जागा बहुतेक ठिकाणी नगरपालिकेची, चर्चची किंवा रोटरी-लायन्ससारख्या एखाद्या संस्थेची असते, यंत्रे बरीचशी देणगीतून आलेली असतात आणि कारभार सभासदांनी निवडलेली समिती पाहते. पगारी माणूस सहसा नसतो. आमची शेड नगरपालिकेच्या मैदानामागे आहे. आत शिरताच डाव्या हाताला यंत्रे, उजव्या हाताला हातकामाची लांबलचक बाके आणि काचेच्या दाराआड स्वयंपाकघर अशी तिची मांडणी आहे. वार्षिक वर्गणी साठ डॉलर, म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर, आणि ज्या दिवशी जाल त्या दिवशी चहा-बिस्किटांसाठी डब्यात एक-दोन डॉलरचे नाणे टाकायचे. स्वतःच्या घरासाठी वस्तू करायची असेल तर लाकडाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. वर्गणीच्या रकमेत इथे एक बरा रंधाही येत नाही, त्यामुळे पैशांच्या मोबदल्याबद्दल तक्रारीला जागा नाही.

ही कल्पना मूळची ऑस्ट्रेलियातलीच आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाजवळ गुल्वा नावाचे गाव आहे. तिथे १९९३ मध्ये मॅक्सिन चेझलिंग यांनी वयस्क पुरुषांसाठी अशी शेड सुरू केली. ‘मेन्स शेड’ हे नाव घेऊन उघडलेली पहिली शेड मात्र व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या दूधधंद्याच्या छोट्या गावात १९९८ च्या जुलैमध्ये डिक मॅक्‌गोवन यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सिडनीच्या लेन कोव्ह भागात आणखी एक निघाली. २००७ मध्ये देशव्यापी संघटना स्थापन झाली, २०१० च्या राष्ट्रीय पुरुष-आरोग्य धोरणात शेडना स्थान मिळाले आणि आज देशभरात त्यांची संख्या हजारावर गेली आहे; शिवाय आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंड आणि कॅनडातही त्या पसरल्या आहेत. पुरुषांच्या या चळवळीची पहिली वीट एका बाईने रचली, ही गोष्ट आमच्या शेडमध्ये फारशी कोणी काढत नाही.

माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यातील टूलरूममध्ये झाली असल्यामुळे यंत्रांकडे मी जरा खडूस नजरेनेच पाहतो. बँडसॉ आणि टेबलसॉ या विजेवरच्या करवती, फळीची जाडी एकसारखी करणारे थिकनेसर, उभे ड्रिल, लाकूड गरागरा फिरवून त्याला गोल आकार देण्याचे दोन लेथ आणि खेळणी कापण्याचे बारीक स्क्रोलसॉ, एवढा सरंजाम आमच्याकडे आहे. यंत्रे जुनी असली तरी निगा चांगली आहे. टेबलसॉच्या पात्यामागची पाचर आणि वरचे कव्हर दोन्ही जागेवर असतात, बंद करण्याचे लाल बटण प्रत्येक ठिकाणी हाताशी असते आणि विजेच्या प्रत्येक वायरला तपासणीच्या तारखेची चिठ्ठी लावलेली असते. आपल्याकडे बांधकामावरचा सुतार पायात स्लिपर घालून, कव्हर केव्हाच काढून टाकलेल्या मशिनवर प्लाय फाडतो, ते पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे सगळे सुरुवातीला सोवळ्यासारखे वाटते. प्रत्येक यंत्रावर अनुभवी सभासदासमोर काम करून दाखवल्याशिवाय फळ्यावर नावापुढे खूण होत नाही आणि खूण नसेल तर यंत्राला हात लावायचा नाही, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. मी आयुष्यभर लेथ चालवला असल्याचे सांगून पाहिले. त्यावर एकाने हसून माझ्या हातात संरक्षक चष्मा दिला आणि रांगेकडे बोट दाखवले.

त्याचे कारण लाकडाच्या लेथपाशी उभे राहिल्यावर समजते. लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये आवळलेले असते. माणसाने चाके फिरवायची आणि डायलवरचे आकडे वाचायचे. लाकडाच्या लेथवर हत्यार माणसाच्या हातात असते आणि खाली आधाराला फक्त एक लोखंडी टेकण. मला दाखवणारे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, पूर्वी रेल्वेत फिटर असलेले. त्यांनी पन्हाळीच्या आकाराची लांब पटाशी टेकणावर ठेवली, धारेमागची तिरपी बाजू आधी फिरत्या लाकडावर नुसती घासू दिली आणि मग मागची मूठ केसभर वर उचलली; त्याबरोबर धार लाकडात शिरली आणि ओल्या ठोकळ्याची लांब, सलग साल त्यांच्या मनगटावरून खाली सुटू लागली. हात शरीराला चिकटलेले, पाय रोवलेले आणि सगळी हालचाल कमरेतून. ते बोलले फारच थोडे. बाकीचे माझ्या कोपराला हात लावून दाखवले. असे शिक्षण पैसे टाकून मिळणे कठीण आहे, हे खरे. पण या शिकवण्याला अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र नाही आणि पुढच्या गुरुवारी ते गृहस्थ येतीलच याची खात्री नाही. जोडकामापासून पॉलिशपर्यंत सुतारकाम रीतसर शिकायचे असेल त्याने टेफ या सरकारी व्यवसायशिक्षण संस्थेचा वर्ग लावावा.

दहा वाजता घंटा होते, यंत्रे बंद होतात आणि सगळे स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलाभोवती जमतात. माझ्या मते वर्गणी या अर्ध्या तासाची आहे. विषय नेहमीचेच असतात: फूटबॉल, गुडघ्याचे ऑपरेशन, पेट्रोलचा भाव, समितीने विकत घेतलेला निकृष्ट डिंक. एखादा सभासद लागोपाठ दोनदा दिसला नाही तर त्याला फोन कोणी करायचा, हेही याच टेबलावर ठरते आणि तो फोन खरोखरच केला जातो. शेडच्या राष्ट्रीय संघटनेचे ब्रीद असे आहे की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, ते खांद्याला खांदा लावून बोलतात. मला ते निम्मे पटते. एकाच फळीला दोन टोकांकडून पॉलिशपेपर घासत असताना, नजर फळीवरून न उचलता, एका सभासदाने पत्नीच्या स्मृतिभ्रंशाबद्दल मला जे सांगितले, ते त्याने समोर बसून कोणाला सांगितले असते असे वाटत नाही. मात्र यंत्रे सुरू असली की खांद्याला खांदा लावूनही काही उपयोग नसतो, कारण प्रत्येकाच्या कानावर आवाज रोखणारे मफ असतात आणि ते काढले तरी निम्म्या मंडळींना श्रवणयंत्राशिवाय ऐकू येत नाही.

ऑस्ट्रेलियात आत्महत्या करणाऱ्यांमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पुरुष असतात, त्यामुळे सरकारने आरोग्यखात्याच्या पैशातून लाकूडकामाच्या शेडना मदत का करावी, हे कोडे राहत नाही. बॅलरॅटचे संशोधक बॅरी गोल्डिंग यांनी या शेडचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, येणाऱ्या पुरुषाला येथे रुग्ण किंवा लाभार्थी म्हणून वागवले जात नाही, तो बरोबरीचा सहभागी असतो, यावर त्यांचा भर आहे. रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासण्यासाठी परिचारिका शेडमध्येच येते, तेव्हा दवाखान्याची पायरी टाळणारे सभासदही बाही वर करून रांगेत उभे राहतात. हे मी पाहिले आहे आणि त्या रांगेत मीही असतो.

शेडमध्ये बनणाऱ्या वस्तूंपैकी नाताळची खेळणी, बालवाडीची बाके आणि रस्त्याकडेच्या फुकट वाचनाच्या पुस्तकपेट्या यांबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. पक्ष्यांच्या घरट्यांच्या पेट्या मात्र अभ्यासपूर्वक केलेल्या असतात. जुनी निलगिरीची झाडे तोडली गेल्यामुळे ढोलीत राहणाऱ्या रोझेला पोपटांना जागा उरली नाही, म्हणून नगरपालिका अशा पेट्या मागवते. आतली फळी मुद्दाम खरखरीत ठेवतात आणि तिच्यावर आडव्या खाचा पाडतात, म्हणजे पिलांना चढून भोकापर्यंत येता येते. भोकाखाली बसायला दांडी लावण्याचा मोह नवख्याला हमखास होतो, पण दांडी लावायची नाही, कारण तिचा फायदा साळुंकीला मिळतो. आपल्या अंगणातली ही साळुंकी १८६२ मध्ये शेतमळ्यांतील कीड खाण्यासाठी मेलबर्नमध्ये आणली गेली आणि आता इथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावण्याबद्दल तिची सर्वत्र निंदा होते. तिला इथे ‘इंडियन मायना’ म्हणतात, त्यामुळे प्रत्येक पेटीच्या वेळी तुमच्या नातेवाइकांना आवरा, असे मला ऐकून घ्यावे लागते. त्यांना आणले कोणी, असे मी विचारतो. हा संवाद दोन्ही बाजूंना पाठ झाला आहे आणि त्याचा कंटाळा अजून कोणालाच आलेला नाही.

आता उणिवांकडे वळतो. शेड आठवड्यातून दोनच दिवस, सकाळी नऊ ते दुपारी दोन उघडी असते. नोकरी करणारा चाळिशीतला एकटा पुरुष या वेळेत येऊ शकत नाही आणि ज्याची बायको गेली आहे त्याला जड जाणारा शनिवार-रविवार तर पूर्ण बंद. धूळ ओढून घेणारी यंत्रणा मोठ्या यंत्रांपाशी चांगली आहे, पण पॉलिशच्या बाकांवर तिचा जोर पोचत नाही. बारीक भुसा चष्म्यावर बसतो, म्हणजे छातीतही जात असणारच, तेव्हा मास्क स्वतःचा न्यावा. यंत्राची परवानगी मिळेपर्यंत नवख्याच्या वाट्याला कित्येक आठवडे नुसते घासकाम येते. धातुकामाच्या कोपऱ्याकडे समितीचे लक्षच नाही: तिथल्या छोट्या लेथच्या चकचे, म्हणजे काम धरून ठेवणाऱ्या पकडीचे, जबडे झिजलेले आहेत आणि त्यावर धरलेला गोल रॉड डोळ्यांना दिसेल इतका डुगडुगतो. सर्वांत गंभीर आक्षेप बाहेरून घेतलेल्या कामांचा आहे. पैसे उभे करण्यासाठी पेट्यांची मोठी ऑर्डर घेतली की महिनाभर सगळ्यांनी एकच भाग कापत बसायचे, असे होते. बिनपगारी कारखाना चालवण्यासाठी कोणी निवृत्त झालेले नाही, हे मी सभेतही बोललो आहे.

मराठी माणसाने आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. इंग्रजी चांगले असले तरी इथल्या म्हाताऱ्यांचे उच्चार आणि थट्टा कळायला वेळ लागतो, आणि ती थट्टा आपल्यावर होऊ लागली की आपण त्यांच्यात धरले गेलो असे समजावे. बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर निधीसाठी सॉसेज विकण्याची पाळी सभासदांवर येते. शाकाहारी माणसाने पावात परतलेला कांदा घालून खावा, तो उत्तम लागतो, किंवा गल्ल्यावर बसावे. जातीपातीचा, हुद्द्याचा प्रश्न उद्भवत नाही. मागच्या आयुष्यात कोण काय होते हे कोणी विचारत नाही, आणि निवृत्त अधिकाऱ्यांना सर्वांत कठीण जाते ते हेच. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघांत व्याख्याने, वाढदिवस आणि सहली मुबलक असतात, पण माणूस तिथे बहुतेक वेळ खुर्चीवर बसून असतो. हाताला काम दिले तर जो एरवी तोंड उघडत नाही तोही येऊन बसतो, हे शेडमध्ये पाहिल्यावर पुण्यात किंवा नाशकात बंद पडलेल्या एखाद्या वर्कशॉपची जागा अशा कामासाठी का वापरू नये, असे मनात येते. तिथे सुतार, फिटर, वाइंडर अशी जाणती निवृत्त मंडळी इथल्यापेक्षा जास्तच सापडतील.

पाचपैकी चार गुण मी या सेवेला देतो. कापलेला एक गुण वेळापत्रकाचा आणि धुळीचा. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांनी विम्याच्या दृष्टीने सभासदत्व मिळेल की पाहुणे म्हणून यावे लागेल, हे फोन करून आधी विचारून घ्यावे, कारण प्रत्येक शेडचे नियम वेगळे असतात. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट आणि गळ्यातली साखळी घरी ठेवावी. पाय झाकणारे बूट घालावेत. कोल्हापुरी चपला घालून आलेल्या माणसाला स्वयंपाकघराच्या पुढे जाऊ देत नाहीत. आणि जायचे तर दहाच्या चहाच्या आधी जावे.