कोड्यांची पेटी: पत्त्यांसाठी जरूर घ्या

सुट्टीत भाचरं येणार म्हणून हस्तकलेच्या प्रदर्शनातून ही कोड्यांची पेटी घेतली. साडेतीनशे रुपये. आत जाड कार्डं, तीन रंगीत पत्ते, कापडी पिशवी, कागदी तराजू आणि उत्तरांची पुस्तिका.

शब्दांची कोडी आपल्या घराघरांतली आहेत. ‘सूपभर लाह्या, मधे रुपया’ म्हणताच आईने चांदण्या आणि चंद्र सांगून टाकले, वर पेटीत नसलेलं लसणाचं कोडंही घातलं. ‘हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली’ याच्या शेजारीच भेंडीचं चित्र छापलंय, ते नको होतं. विचार करायला जागाच उरत नाही.

खरा ऐवज म्हणजे ते तीन पत्ते. एक दोन्हीकडून लाल, एक दोन्हीकडून काळा, तिसरा एकीकडे लाल, एकीकडे काळा. पिशवीतून न बघता एक काढायचा आणि तसाच खाली ठेवायचा. वर लाल दिसतंय, तर खालीही लाल असण्याची शक्यता किती? सगळे म्हणतात निम्मी, कारण काळा पत्ता बाद झाला की दोनच उरतात. पण आपल्यासमोर असते ती पत्त्याची एक बाजू. लाल बाजू एकूण तीन, त्यांतल्या दोन एकाच पत्त्याच्या. म्हणून उत्तर दोन तृतीयांश. फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांड यांनी 1889 मध्ये सोन्याचांदीची नाणी आणि तीन पेट्या घेऊन हेच मांडलं होतं. नुसतं वाचून ते पटत नाही. मुलं पत्ते काढत गेली, वहीत रेघा मारत गेली, लाल-लालची रांग लांबत गेली. मग धाकटी ओरडली, “मावशी, पत्ते नाही, बाजू मोजायच्या!” एवढ्यासाठी मी ही पेटी कुणालाही भेट देईन.

एका कार्डाबद्दल मात्र तक्रार आहे. शेजारी नवं कुटुंब आलंय, दोन मुलं आहेत, त्यांतला एक मुलगा जिन्यात भेटला. दुसरंही मूल मुलगाच असण्याची शक्यता किती? पुस्तिकेत उत्तर एक तृतीयांश. हे चूक आहे. जिन्यात दोघांपैकी कुणीही भेटू शकलं असतं, म्हणून इथे उत्तर निम्मं. ‘तुम्हाला मुलगा आहे का?’ असं आईला विचारलं आणि ती ‘हो’ म्हणाली, तर फक्त ‘दोन्ही मुली’ बाद होऊन मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा या तीन शक्यता उरल्या असत्या आणि एक तृतीयांश बरोबर ठरलं असतं. गणिती कोड्यांचे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी 1959 मध्ये हे कोडं दिलं आणि पुढे त्याची मांडणी संदिग्ध असल्याचं स्वतःच मान्य केलं. मुलांच्या हाती द्यायच्या पुस्तिकेत एवढी काळजी घ्यायलाच हवी.

नऊ नाण्यांतलं एक हलकं नाणं दोनच तोलांत शोधायचं कोडं सुरेख आहे, पण कागदी तराजू फार टिकत नाही. तीन-तीनचे ढीग करून ते तोंडीही सुटतं. आठ वर्षांपुढच्यांसाठी असं पेटीवर लिहिलंय. शब्दांची कोडी त्याआधीही द्या, शक्यतेची दहानंतर.