पीएमपीचे सात महिने: अडलंय ते थांब्यापुढच्या बारा मीटरवर

मानेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला लावली, तेव्हापासून धनकवडी ते डेक्कन मी पीएमपीने, म्हणजे पुण्याच्या शहर बसनेच जाते. सात महिने झाले. गेल्या आठवड्यात आईच्या बाबतीत जे घडलं, त्यामुळे आज लिहायला बसले आहे.

आई 72 वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. डॉक्टरांकडून परत येताना आम्ही आमच्या थांब्यावर उतरत होतो. थांब्यापुढे नेहमीप्रमाणे तीन चारचाकी लावलेल्या, त्यामुळे बस रस्त्याच्या मधेच उभी राहिली. आईने दांडा धरून एक पाय खाली टाकला आणि तेवढ्यात बस आणि त्या गाड्या यांच्या मधल्या फटीतून एक मोटरसायकल भसकन गेली. आईने पाय झटक्यात मागे घेतला आणि ती पायरीवरच बसली. कंडक्टर "आजी, सावकाश, सावकाश" म्हणत धावले. लागलं नाही, पण गुडघा मुरगळला. चार दिवस ती घरातल्या घरातही भिंत धरून चालत होती.

सुरुवातीचे दोन महिने मी सगळा राग ड्रायव्हरवर काढायचे. बस कडेला का घेत नाहीत, आम्ही माणसं नाही का, असं दोनदा तोंडावर बोललेही. मग एकदा गर्दीमुळे अगदी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी उभी राहिले आणि पहिल्यांदा त्यांच्या काचेतून तो थांबा पाहिला. ते म्हणाले, "ताई, तोंड आत घातलं तरी मागचं दार रस्त्यातच राहतं. आणि परत बाहेर निघताना मला कोण जागा देणार?" खरंच आहे. बारा मीटरची बस फुटपाथला समांतर लावायची तर पुढे आत वळायला आणि मागे शेपूट सरळ करायला मोकळी जागा लागते. एक गाडी चुकीच्या ठिकाणी उभी असली की पूर्ण थांबा गेला. त्या दिवसापासून ड्रायव्हरला बोलणं बंद केलं.

बाकीचं पटकन सांगते. तिकिटाला आता क्यूआर कोड चालतो, सुट्ट्या पैशांवरून सकाळी सकाळी होणारी वादावादी संपली. एसी इलेक्ट्रिक बस मिळाली तर डेक्कनला घाम न येता पोचते. पैशांचं मात्र गणित जमत नाही. 1 जून 2025 पासून मासिक पास 900 वरून 1500 वर गेला. माझं जाण्याचं तिकीट 20, येण्याचं 20, महिन्याचे 25 दिवस धरले तर 1000. म्हणजे पास काढण्यात अर्थच नाही. स्कूटरला याच अंतराला पेट्रोल आठशे-साडेआठशेचं लागायचं आणि ऑफिसबाहेर ती दिवसभर फुकट उभी असायची.

या "फुकट" शब्दावर मी अडून बसले आहे. 2018 साली महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं, पण रस्त्यावरच्या बहुतेक जागा आजही फुकटच आहेत. पीएमपीचा तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका 60:40 या प्रमाणात भरून देतात, ते हवंच आहे. नव्या बसही हव्यात. पण पैसे आणि बस देऊनही ती बस माणसांपर्यंत पोचायला कडेची जागाच दिली नाही, तर आईसारख्यांच्या उपयोगाचं काय? फुटपाथवरून चढलं की पहिली पायरी वीतभर कमी होते. गुडघेदुखीवाल्याला ही वीत म्हणजे घराबाहेर पडायचं की नाही, एवढा फरक आहे. बसथांब्याजवळ गाडी लावायला मोटार वाहन नियमांत मनाईच आहे. म्हणजे नवा कायदाही नको. ठळक पिवळे पट्टे, उचलगाडीची रोज एक फेरी, आणि जिथे रस्ता रुंद आहे तिथे थांब्यापुरता फुटपाथच पुढे काढायचा. मग बसला आत वळावंच लागत नाही आणि गाडी लावायला जागाही उरत नाही.

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नव्हतं, असंही नाही. 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली ती याचसाठी: बसला स्वतःची मार्गिका आणि स्वतःचा थांबा. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी तर काढूनच टाकली. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मी दोन कार्यालयांत अर्ज दिले. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. मग एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सात या वेळेत आमच्या थांब्यावर बस बऱ्याचदा बरोबर फुटपाथला लागते. कारण तेव्हा थांब्याशेजारी चप्पल दुरुस्तीवाले काका बसलेले असतात. कुणी गाडी लावायला लागलं की हातातली चप्पल खाली ठेवून उठतात, काचेवर बोटाने टकटक करतात आणि म्हणतात, "साहेब, बस येतीय, जरा पुढं घ्या." दहातले आठ जण घेतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही, त्याचा एक रुपया मिळत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांना चढायला त्रास होतो बघा, दिवसभर दिसतं ना मला."

परवा आईला पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मुद्दाम अकराची वेळ घेतली. काकांनी एका टेम्पोला पुढे जायला लावलं, बस अगदी कडेला आली आणि आई माझा हात न धरता चढली. खिडकीशी बसल्यावर तिने काकांना हात केला.

काका पुढच्या आठवड्यात गावाला जाणार आहेत, पंधरा दिवसांसाठी. आई म्हणाली, "मग पुढची तारीख ते आल्यानंतरचीच घे."