तारीख ठरवून आवृत्ती, की काम संपल्यावर?

गोडो या गेम बनवायच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची ४.० आवृत्ती ‘काम झालं की काढू’ पद्धतीची. ३.० आली जानेवारी २०१८मध्ये, ४.० मार्च २०२३मध्ये. मधला काळ ३.१ ते ३.५ने सांभाळला. रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) नव्याने लिहायचा तर घाई परवडत नाही, मान्य. पण फटका डॉक्युमेंटेशनला (डॉक्स, म्हणजे वापराच्या माहितीला) बसला: कोडमधल्या ‘यील्ड’चं ‘अवेट’ झालं, ‘कायनेमॅटिकबॉडी’चं ‘कॅरेक्टरबॉडी’, आणि जुनी ट्युटोरियल्स चालेनात.

याउलट त्याच वर्षी ४.१ जुलैत, ४.२ नोव्हेंबरात आली. तारीख धरून चालणाऱ्या अशा छोट्या टप्प्यांत अर्धवट फीचर पुढच्या गाडीने येतं, कुणी रुसत नाही. नोकरी सांभाळून रात्री डॉक्स लिहिणाऱ्याच्या (हो, असे थोडेच असतात) वाट्याला बदलही मोजकेच येतात.

माझा कौल तारखेला. फक्त एपीआय (कोड लिहिताना वापरायच्या आज्ञा आणि त्यांची नावं) गोठवल्यावर दोन आठवडे डॉक्ससाठी राखून ठेवा.