इन्फ्लुएन्सर शोधून देणारं टूल: नऊ महिने वापरल्यावर

आमची पुण्यातली पीआर एजन्सी लहान आहे, कामाला आम्ही चौघं. इन्फ्लुएन्सर शोधून देणाऱ्या एका टूलचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, त्याला आता नऊ महिने झाले. नाव देत नाही. घेण्याआधी आणखी दोन टूलची ट्रायल घेतली होती आणि खाली लिहिलंय ते थोड्याफार फरकाने तिन्हींना लागू आहे.

खोटे फॉलोअर पकडण्यात टूल फार उपयोगी पडलं. खाण्यापिण्याचे रील टाकणारं दीड लाख फॉलोअरचं एक अकाउंट क्लायंटने स्वतःच सुचवलं होतं. वाढीचा आलेख उघडला, तर एकाच आठवड्यात ४० हजार वाढलेले आणि त्या आठवड्यात एकही रील गाजलेलं नाही. कमेंटमध्येही तीच वीस-पंचवीस नावं फिरून फिरून येत होती. हे हाताने शोधायला मला दोन दिवस लागले असते. दुसरा फायदा म्हणजे कोणाचा प्रेक्षक कोणाशी किती जुळतो ते दिसतं. पैठणीच्या एका कामासाठी पाच जणी निवडल्या होत्या, त्यातल्या तिघींचा प्रेक्षक जवळपास एकच निघाला. मग तिघींऐवजी एकीलाच घेतलं.

भाषेच्या बाबतीत मात्र निराशा झाली. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्यामुळे मराठी कॅप्शन सर्रास हिंदीत मोजली जाते, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी तर त्याला कळतच नाही. ‘मराठी’ फिल्टर लावला की चांगली चांगली माणसं यादीतून गळतात. मी आता फिल्टर न लावता ‘आहे’, ‘आणि’ असे हिंदीत नसलेले शब्द टाकून शोधते. त्याने बरीच माणसं परत मिळतात.

पण खरा धडा मिळाला द्राक्षाच्या कामात. बागेसाठी खतं बनवणारा आमचा एक क्लायंट आहे. त्याला ऑक्टोबर छाटणीच्या आधी नाशिककडच्या बागायतदारांपर्यंत पोचायचं होतं. टूलमध्ये शेती आणि महाराष्ट्र टाकलं आणि वरून दोघं निवडले. फॉलोअर लाखांत, ड्रोनने काढलेले सुंदर व्हिडिओ. व्ह्यूज भरपूर आले, चौकशीचे फोन मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आमच्यातला एक जण निफाडचा. तो म्हणाला, “मॅडम, आमचे वडील या दोघांना ओळखत पण नाहीत. ते दुसऱ्याच एकाचे व्हिडिओ बघतात.” तो दुसरा स्वतः बागायतदार होता. त्याच्या चॅनेलला नऊ हजार सबस्क्राइबर होते आणि टूलने त्याचा प्रभाव ‘कमी’ दाखवला होता. मी त्याच्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचत बसले. “दादा, पहिल्या डिपला जीए किती पीपीएम?” (जीए हे संजीवक, घड त्यात बुडवतात तो डिप.) “फवारणीनंतर तासाभरात पाऊस आला, परत घ्यावी का?” आणि रात्री उशिरा एकेकाला त्याचं उत्तर. लाखवाल्यांच्या कमेंटमध्ये बदामाचे इमोजी आणि ‘जय किसान’ होतं, प्रश्न एकही नव्हता.

त्याने लगेच होकार दिला नाही. आधी स्वतःच्या बागेतल्या दहा ओळींवर खत वापरून पाहिलं, आणि पैसे घेतलेत हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगणार, असं बजावलं. नियमही तेच सांगतात. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहा, हे एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेने २०२१ मध्येच सांगितलं. वस्तू स्वतः वापरलेली असली पाहिजे, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांत आहे. त्याचा व्हिडिओ आला आणि तीन दिवस क्लायंटचा फोन थांबला नाही.

१९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीत मतदारांचा अभ्यास केला होता. त्यात त्यांना दिसलं, की रेडिओ-वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीतल्या जाणत्या माणसाच्या बोलण्याने मत जास्त ठरतं. पत्रकारितेच्या वर्गात हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. निफाडमध्ये ते डोळ्यांनी पाहिलं.

टूलला या माणसाचं वजन का दिसलं नाही, याचं कारण साधं आहे. सोशल मीडिया कंपन्या आतली माहिती बाहेर देत नाहीत. इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये बाहेरच्या अ‍ॅप्सना मिळणारा डेटा आवळला, यूट्यूब २०१९ पासून सबस्क्राइबरचा आकडा ढोबळ करून दाखवतं, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर काय पसरतंय ते बघायला पत्रकार-संशोधक वापरायचे ते क्राउडटँगल हे टूल मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप तर बाहेरच्या कोणालाच दिसत नाहीत, आणि आपल्याकडे बागेच्या सगळ्या गप्पा तिथेच होतात. म्हणजे टूलमधला ‘प्रभाव’ हा बराचसा अंदाज असतो. सोशल मीडियावरच्या प्रभावाचे प्रत्येकाला शंभरपैकी गुण देणारी क्लाउट ही साइट आठवत असेल. एकेकाळी लोक ते गुण अभिमानाने मिरवायचे. मे २०१८ मध्ये ती बंद पडली, पण एका आकड्यात माणूस बसवायची सवय या टूलमध्ये अजून आहे.

म्हणून मी शीटमध्ये माझा एक कॉलम वाढवलाय. टूलने दिलेल्या प्रत्येक नावाचे शेवटचे दहा व्हिडिओ घ्यायचे, कमेंटमधले खरे प्रश्न मोजायचे आणि त्यातल्या कितींना उत्तर मिळालं ते लिहायचं. एका नावाला अर्धा तास जातो, पण यादी पूर्ण बदलते.

महिन्याला चार-पाच कामं फॅशनची, ब्यूटीची, हॉटेलांची असतील तर टूल जरूर घ्या, पैसे वसूल होतात. शेती, आरोग्य किंवा एखाद्या तालुक्यापुरतं काम असेल तर वर्षाचं घेऊ नका. एक महिन्याचं घ्या, खोटी अकाउंट गाळा आणि मग त्या गावातल्या माणसाला विचारा. डाउनलोडची मर्यादा फार कमी आहे, महिन्याच्या विसाव्या दिवशीच संपते. सपोर्टवाले उत्तर वेळेवर देतात, पण मराठी वेगळी ओळखा ही मागणी मी मार्चपासून तीनदा पाठवली आणि तिन्ही वेळा ‘टीमला कळवलं आहे’ एवढंच आलं.

पुढच्या वर्षी चारऐवजी एकच लॉगिन ठेवतेय. उरलेल्या पैशांत नाशिकची एक मुलगी अर्धवेळ घेतली आहे. घरची द्राक्षबाग आहे तिची. कमेंट वाचणं हेच तिचं काम.