क्लेमची किती माहिती मागावी? अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या विमा समितीसाठी तुलनात्मक आढावा

रिन्यूअलचं पत्र येतं, हप्ता दहा-बारा टक्क्यांनी वाढलेला असतो. कारण विचारलं की विमा कंपनी सांगते, ‘तुमचे क्लेम वाढले.’ किती वाढले, कशामुळे वाढले, पुढच्या वर्षी तेच पुन्हा होणार का, हे कळल्याशिवाय ना घासाघीस करता येते, ना दुसऱ्या कंपनीकडून नीट भाव मिळतो. अमेरिकेत २०२४ साली नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्य विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५,५७२ डॉलर होता. त्यात स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, वाटा वाढला की तेवढी पगारवाढ आटते. म्हणून तुम्ही शिक्षक, बसचालक किंवा बोर्डाच्या वतीने अशा समितीवर बसला असाल, तर माहिती मागायलाच हवी. प्रश्न एवढाच, की कोणती आणि कोणाच्या हातात.

माझं मत आधीच सांगते. भाव ठरवायला पुरेल एवढी माहिती घ्यावी, सहकारी ओळखू येईल एवढी घेऊ नये. ही रेघ कुठे पडते ते डिस्ट्रिक्टच्या आकारावर ठरतं.

गोळाबेरीज

पहिला पर्याय म्हणजे महिनावार आकडे: हप्ता किती भरला, क्लेम किती दिले, किती जण विम्यात होते, औषधांचा खर्च वेगळा किती. नाव, जन्मतारीख, फोन वगैरे ओळखीच्या खुणा काढलेल्या असतील, तर असा सारांश विम्याचे भाव मागवायला किंवा योजना बदलायला मालकाला देता येतो, असं ‘हिपा’ या आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेच्या केंद्रीय नियमावलीतच आहे. पत्त्यातला पाच आकडी झिप कोड राहिला तरी चालतो.

एवढ्यावर बरंच काम होतं. समजा, वर्षाला ६० लाख डॉलर हप्ता भरला आणि ४८ लाखांचे क्लेम दिले गेले. म्हणजे ८० टक्के. मग बारा टक्के वाढ कशासाठी, याचं उत्तर कंपनीला द्यावंच लागतं. मात्र एका वर्षाचे आकडे घेऊन बसू नका, निदान दोन-तीन वर्षांचे मागा. शेवटच्या महिन्यांचे क्लेम अजून यायचे असतात, हे लक्षात ठेवा. औषध कंपन्यांकडून मिळणारी सूट त्या आकड्यांतून वजा केली आहे का, हेही विचारा. हा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तिथेच पैसा लपलेला असतो.

मिशिगनमध्ये २००७ च्या कायद्याने शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या सार्वजनिक संस्थांना क्लेमची आणि खर्चाची माहिती मिळण्याचा हक्क दिला. तुमच्या राज्यात असा कायदा आहे का, हे ब्रोकरला पहिल्याच बैठकीत विचारा.

मोठ्या क्लेमची यादी

खरी ओढाताण इथे आहे. टेक्सासच्या विमा कायद्यानुसार, बारा महिन्यांत ज्या व्यक्तीचे क्लेम १५,००० डॉलरच्या वर गेले, तिची स्वतंत्र नोंद अहवालात येते. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो. दिलेली रक्कम, उपचाराच्या तारखा, आजाराचे आणि उपचाराचे कोड मात्र असतात.

भाव देणाऱ्याला हे हवंच असतं, आणि त्याचं कारणही रास्त आहे. एका व्यक्तीवर नऊ लाख डॉलर खर्च झाले, एवढंच कळलं तर नवी कंपनी सर्वांत वाईट ते गृहीत धरते. तो खर्च अवयव प्रत्यारोपणाचा होता आणि शस्त्रक्रिया पार पडली आहे, हे कळलं तर भाव उतरू शकतो. तोच खर्च हिमोफिलियाच्या औषधाचा असेल तर तो दरवर्षी येणार. डिस्ट्रिक्ट क्लेमचे पैसे स्वतः भरत असेल आणि मोठ्या खर्चापुरता स्टॉप-लॉस विमा घेत असेल, तर ती विमा कंपनी अशा एकाच व्यक्तीसाठी वेगळी, चढी मर्यादा लावू शकते, म्हणजे तिथपर्यंतचा खर्च डिस्ट्रिक्टनेच सोसायचा. तिथे ही यादी टाळता येतच नाही.

पण दीडशे माणसांच्या डिस्ट्रिक्टमध्ये सांकेतिक क्रमांक म्हणजे पातळ पडदा. डायलिसिसवर कोण आहे, सातव्या महिन्यात बाळ कुणाला झालं, केमोसाठी दर दुसऱ्या गुरुवारी कोण रजा घेतं, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतं. तारीख आणि आजार शेजारी शेजारी छापले की नाव लिहायची गरज उरत नाही. आणि ज्या सुपरिंटेंडंटच्या (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाच्या) हाती तो कागद जातो, तीच व्यक्ती नेमणुका आणि बदल्या ठरवते. नोकरीच्या निर्णयासाठी ही माहिती वापरायला हिपाची मनाई आहे. योजनेच्या दस्तऐवजात तशी दुरुस्ती करून, कोण पाहणार ते नमूद करून, लेखी हमी द्यावी लागते. पण एकदा वाचलेलं मनातून पुसता येत नाही. शिवाय बोर्डाच्या बैठकीचे कागद सहसा वेबसाइटवर लागतात. चुकून एक पान जोडलं गेलं तर परत घेता येत नाही.

म्हणून छोट्या डिस्ट्रिक्टने ही यादी स्वतःकडे घेऊच नये, असं मला ठामपणे वाटतं. ती ब्रोकर किंवा ॲक्च्युअरीकडे (विम्याचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाकडे) थेट जावी. समितीला एवढंच कळावं: मोठे क्लेम किती, एकूण रक्कम किती, त्यातले चालू राहणारे किती.

ओळीओळीची फाइल

प्रत्येक क्लेमची वेगळी ओळ असलेली फाइल हजारो कर्मचारी असलेल्या, स्वतः क्लेम भरणाऱ्या डिस्ट्रिक्टला उपयोगी पडते. एकाच एमआरआयचे दोन रुग्णालयांतले दर किती वेगळे आहेत, हे त्यातूनच दिसतं. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने, ओळख काढलेला क्लेम डेटा योजनेपासून अडवणारी कलमं करारात घालायला बंदी केली, आणि योजनांना दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तसं लेखी कळवावं लागतं. फाइल वाचणारा माणूस पगारावर नसेल तर मात्र ती मागू नका.

पूलमध्ये (अनेक डिस्ट्रिक्टच्या एकत्रित विम्यात) असाल तर

वॉशिंग्टन राज्यात २०२० पासून शाळा कर्मचाऱ्यांचा विमा राज्य पातळीवर एकत्र आहे. तिथे एका डिस्ट्रिक्टचे क्लेम त्याचा स्वतःचा भाव ठरवत नाहीत. टेक्सासमध्ये २०२१ च्या कायद्याने डिस्ट्रिक्टला टीआरएस-ॲक्टिव्हकेअर ही शाळा कर्मचाऱ्यांची राज्य पातळीवरची आरोग्य योजना सोडायची मुभा दिली, पण सोडलं की पाच वर्षं परतीची वाट बंद. स्वतःचे आकडे चांगले दिसले की बाहेर पडायचा मोह होतो. १२० कर्मचाऱ्यांच्या डिस्ट्रिक्टचं एक चांगलं वर्ष काहीच सांगत नाही. पुढच्या वर्षी एक अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की सगळं गणित उलटतं. आणि निरोगी डिस्ट्रिक्ट एकेक करून बाहेर पडली की आत उरलेल्यांचा हप्ता चढतो.

तेव्हा पाचशे कर्मचाऱ्यांच्या आतले असाल तर गोळाबेरीज समितीकडे, मोठ्या क्लेमची यादी फक्त ब्रोकरकडे. त्याहून मोठे आणि स्वतः क्लेम भरणारे असाल तर ओळीओळीची फाइलही घ्या, पण ती वाचणाऱ्याचं नाव आणि वाचून झाल्यावर ती नष्ट करायची तारीख करारात लिहून घ्या. टेक्सासमध्ये लेखी मागणीनंतर कंपनीला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून मागणीचं पत्र रिन्यूअलच्या चार-पाच महिने आधी पाठवा.