झोप मोजणारा बँड आणि अवेळची भूक : सहा आठवड्यांच्या वापरानंतर

झोप मोजणारा फिटनेस बँड मी सहा आठवडे रोज रात्री मनगटावर बांधला. रात्री झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी पोट भरलेले असूनही सतत काहीतरी खावेसे का वाटते, याचा छडा मला लावायचा होता. म्हणून सोबत एक वही ठेवली आणि दिवसातून तीन वेळा भूक व उत्साह यांना दहापैकी गुण देत गेले.

या बँडची खरी किंमत एकूण झोपेच्या आकड्यात आहे. आपण सात तास झोपतो अशी माझी ठाम समजूत होती; बँडने पहिल्याच आठवड्यात जेमतेम साडेपाच तास दाखवले. हा आकडाही थोडा उदारच असणार, कारण असे बँड हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतात आणि निपचित पडून जागे राहिलेला वेळ अनेकदा झोपेतच धरतात. वहीशी ताळा केल्यावर मात्र चित्र स्पष्ट झाले. कमी झोपेच्या दिवशी जेवून तासही उलटलेला नसताना हात टेबलाच्या खणातल्या गोड खाऊकडे जात असे, आणि पहिला घास तोंडात गेल्यावरच ते माझ्या ध्यानात येत असे.

हा केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १२ निरोगी तरुणांवर केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन रात्री अंथरुणात फक्त चार तास मिळाल्यावर, दहा तास मिळालेल्या रात्रींच्या तुलनेत, पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि गोड, पिष्टमय पदार्थांची ओढ विशेष बळावली. तिथल्याच २०२२ च्या अभ्यासात कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी ज्यांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढवली, त्यांचे खाणे तुलनेने दिवसाला सुमारे २७० किलोकॅलरींनी कमी झाले. त्यांची झोपही मनगटावरच्या उपकरणानेच मोजली होती.

‘ऊर्जा गुण’ या सुविधेबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. पाच तास झोपून डोळे चुरचुरत असताना बँडने मला शंभरपैकी ८२ गुण दिले, आणि एका ताज्यातवान्या सकाळी ५१ गुण दाखवून माझा दिवसभराचा उत्साह घालवला. जागेपणी मेंदूत साचत जाणारे ॲडिनोसिन, ज्यामुळे डोळ्यांवर झापड येते, ते मनगटावरून मोजता येत नाही. शिवाय कॅफीन त्याचा परिणाम काही तास दडपून ठेवते, त्यामुळे तरतरी आली म्हणजे झोप भरून निघाली असे होत नाही. गाढ झोपेचे रंगीत आलेखही अंदाजच आहेत, कारण झोपेच्या अवस्था नेमक्या ठरवायला मेंदूतील लहरींची नोंद लागते. चौथ्या आठवड्यात मी गुणांची सूचना बंद केली.

पट्टा मऊ आहे आणि चार्जिंग पाच दिवस टिकते.

आपण नेमके किती झोपतो हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी हा बँड जरूर घ्यावा, पण वहीसकट. पुरेसे तास झोपूनही ज्यांना दिवसा पेंग येते किंवा जे जोरात घोरतात, त्यांनी मात्र बँडवर विसंबून न राहता आधी डॉक्टरांना भेटावे.