दादर टीटी ते फाइव्ह गार्डन्स: रविवार सकाळचा पायी वॉक, कसा वाटला

माझं आजोळ हिंदू कॉलनीतलं, दुसरी गल्ली, तळमजला. लहानपणी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी तिथे जायची त्यामुळे दादर पूर्वच्या या हेरिटेज वॉकची जाहिरात बघून आधी वाटलं की आपल्याच गल्ल्या बघायला माणशी ८०० रुपये कशाला द्यायचे. पण मामा म्हणाला चल गं, बहात्तर वर्षं इथे राहिलो पण हे रस्ते असे सरळ आणि रुंद का, ते कधी कुणी सांगितलं नाही. मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघं गेलो. आधीच सांगते, तक्रारी आहेत माझ्या, पण तरी नक्की जा.

सकाळी सातला खोदादाद सर्कलला जमायचं होतं. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, मामाने लगेच सांगितलं की तो शाळेत असताना ट्राममध्ये बसलाय, शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली. समोरचा डॉ. आंबेडकर रोड, तो तेव्हाचा किंग्जवे.

आमची गाइड पंचविशीची मुलगी, आर्किटेक्चर शिकलेली, आणि तिने सुरुवात झाडांपासून नाही केली, प्लेगपासून केली. १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवीच्या वस्तीत प्लेग आला, तो ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, गोव्यातल्या हडफड्याचे. माणसं गाव गाठायला लागली, गिरण्या ओस पडल्या. एकाला एक चिकटलेल्या चाळी, आतल्या खोल्यांना ना उजेड ना वारा, रोग तिथेच पसरतो हे सरकारला तेव्हा पटलं आणि १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टने शहरात प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, सायनकडे नवीन वस्तीच आखली. आधी रस्ते, गटारं, बागांच्या जागा, आणि मग प्लॉट भाड्याने द्यायचे. म्हणजे माणूस राहायला यायच्या आधी सावलीची सोय कागदावर झाली होती. हे ऐकून मामा गप्पच झाला, त्याच्या आजीची एक बहीण प्लेगात गेली होती हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. तिने पिशवीतून पुठ्ठ्याचा एक त्रिकोण काढला, त्याचा कोन साडेत्रेसष्ट अंशांचा. एका जुन्या बिल्डिंगच्या भिंतीच्या पायाशी उकिडवी बसली, त्रिकोण जमिनीला टेकवला आणि म्हणाली आता तिरक्या कडेवरून समोर वर बघा. आम्ही एकेक करून वाकून बघितलं, तर नजर समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून बरोब्बर आकाशात जाते! ट्रस्टचे चेअरमन होते जे. पी. ऑर, त्यांनी हा नियम लावून धरला होता, साध्या भाषेत सांगायचं तर समोरची बिल्डिंग जेवढी उंच त्याच्या निदान अर्धी मोकळी जागा मध्ये सोडायची, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही वरून उजेड येतो. आजीच्या स्वयंपाकघरात दिवसा कधी दिवा लावावा लागला नाही, आम्ही म्हणायचो घर पूर्वेला आहे म्हणून. पण घर पूर्वेला नव्हतंच, खिडकीसमोर मोकळी जागा होती.

तिथून पारसी कॉलनी. मंचरजी एडलजी जोशी हे ट्रस्टमध्येच इंजिनीअर, त्यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले आणि वस्ती मनासारखी उभी केली. मुंबईतल्या बाकीच्या पारसी बागांना, म्हणजे वसाहतींना, भिंत असते, गेट असतं, वॉचमन असतो, इथे काहीच नाही, कुणीही यावं आणि झाडाखालून चालत जावं. रस्त्यागणिक झाडाची जात ठरलेली. फिर्दौसी रोडला महोगनी आहे आणि आम्ही गेलो तेव्हा फळं फुटायचे दिवस होते. मुठीएवढं लाकडासारखं कडक फळ, ते उकललं की आतून पंखवाल्या तपकिरी बिया भिरभिरत खाली येतात. गाइडने एक अर्धवट फुटलेलं फळ हातात दिलं, बिया आत एकावर एक रचलेल्या असतात, कौलांसारख्या. कॉलनीतल्या एक पारसी आजी कुत्र्याला फिरवत होत्या, थांबल्या आणि म्हणाल्या, चावून बघ, लई कडू! मी चावून बघितली, खरंच जिभेवरून तासभर कडवटपणा गेला नाही.

त्याच रस्त्यावर तिने झाडांच्या बुंध्यापर्यंत ओतलेलं सिमेंट पण दाखवलं आणि मिलीबग नावाच्या किडीने मुंबईतले कितीतरी रेन ट्री वाळले ते सांगितलं. फाइव्ह गार्डन्सला मंचरजींचा पुतळा आहे, तिथे दहा मिनिटं बसलो, पाणी मिळालं.

आता तक्रारी. एक तर आम्ही अठ्ठावीस जण होतो आणि माइक नाही, मागच्या लोकांना निम्मं ऐकूच आलं नाही, मामासारख्या वयाच्या माणसांना फारच त्रास झाला. ग्रुप पंधराचा ठेवा नाहीतर माइक घ्या. दुसरं म्हणजे वाटेत टॉयलेटची काही सोय सांगितलेली नव्हती, तीन तास चालायचं आणि निम्मे लोक साठीच्या पुढचे, एवढं तर बघायला हवं.

तिसरी तक्रार मला मनापासून खटकली म्हणून लिहिते. हिंदू कॉलनीच्या पाचव्या गल्लीत राजगृह आहे, बाबासाहेबांनी स्वतः बांधलेलं घर, पुस्तकांसाठी बांधलेलं. ७ डिसेंबर १९५६ ला अंत्ययात्रा इथूनच निघाली. तिथे आम्ही जेमतेम दोन मिनिटं थांबलो, उशीर होतोय म्हणून. ज्या वस्तीचे प्लॉट जातीधर्माच्या नावाने वाटले गेले, तिथे हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी घर बांधलं, यावर बोलायला निदान अर्धा तास हवा. बरोबरच्या एका बाईंनी हे तिथेच बोलून दाखवलं आणि गाइडने मान्य केलं, आयोजकांना मी मेलही केलाय.

माटुंगा तर धावतच उरकलं. साउथ इंडियन लोक नोकरीनिमित्त आले आणि इथे स्थिरावले, आस्तिक समाजाचं देऊळ, फुलांची गल्ली, व्हीजेटीआय हे इंजिनीअरिंग कॉलेज, सगळं वीस मिनिटांत. शेवटी कॅफे मद्रासला इडली, ती १९४० पासूनची जागा, रांग होती पण रसम इडलीसाठी उभं राहायला माझी हरकत नाही.

परत जाताना मामाच्या गल्लीतून आलो. त्याच्या समोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, आता तिथे टॉवर उभा राहतोय. जुन्या बिल्डिंगा गळतात, पागडीच्या नाममात्र भाड्यात दुरुस्ती होत नाही, म्हाताऱ्यांना लिफ्ट हवी, हे सगळं मला मान्य आहे, मामाला स्वतःला लिफ्ट हवीय. पण मामा आपल्या भिंतीशी वाकला, पुठ्ठा नव्हता तर तळहात तिरका धरला आणि वर बघितलं. टॉवरचे अकरा मजले झालेत आणि आकाश आत्ताच दिसत नाही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला जाणाऱ्या प्रत्येकाने आधी हा वॉक करावा असं मला वाटतं, म्हणजे किती चौरस फूट मिळणार याच्याबरोबर मध्ये किती जागा सोडणार हेही विचारलं जाईल.

पाचपैकी चार स्टार. एक राजगृहासाठी कापला. हिंदू कॉलनी आणि माटुंग्याचा वेगळा वॉक काढलात तर मामाचं आणि माझं नाव आत्ताच लिहून घ्या.